शेपटीतले हात

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी नीट बस. क्रेनच्या केबिनमध्ये असशील तर बसलेलाच असशील, पण हात दांड्यांवरून काढ आणि मग वाच. तुझ्या हातून एखादा गर्डर नदीत पडला तर मला बोल लावू नकोस.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सामसूम. म्हणून हा कागद. साइटच्या ऑफिसात आलेलं पत्र वरपर्यंत पोचतं, हे मी तुमच्या मुकादमांकडून गोड बोलून काढून घेतलं. दोन वर्षं तू त्या अर्धवट पुलाच्या डोक्यावर जाऊन बसला आहेस आणि तिथे आपल्याला कोणी गाठणार नाही असं तुला वाटतंय. तू अजून तुझ्या भिंगरीला ओळखलं नाहीस.

काल प्रयोगशाळेत जे झालं ते सांगते. "आमची भिंगरी शेपट्या मोजते," असं तू मित्रांना सांगून हशा पिकवायचास. मोजते, बाबा! शुक्रजंतूला शेपटी असते, ती वळवळते म्हणून तो पोहतो. काकडीच्या चकत्या करतो तशा त्या शेपटीच्या चकत्या करायच्या आणि आमच्या खोलीएवढ्या मायक्रोस्कोपखाली बघायच्या, हे माझं काम. चकतीत नळ्यांच्या नऊ जोड्या गोल करून उभ्या दिसतात, मधोमध आणखी दोन नळ्या. आणि प्रत्येक जोडीला बारीक बारीक हात असतात. हे हात प्रोटीनचे. एका जोडीचे हात शेजारच्या जोडीला धरतात, ओढतात, सोडतात, परत धरतात. या ओढाताणीतून शेपटी वाकते. हात नसले तर शेपटी असते, पण नुसती काठी.

काल एक नमुना आला. कोणाचा ते आम्हाला कळत नाही, वर फक्त नंबर असतो. मी चकती बघितली. नऊ जोड्या जागेवर. मधल्या दोघी जागेवर. हात नाहीत! दुसरी चकती काढली, तिसरी काढली, एकाही जोडीला हात नाहीत! मी चक्क ओरडले. आमच्या बाई (म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, अख्खी इमारत त्यांना बाईच म्हणते) शेजारच्या खोलीतून आल्या, माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि अगदी भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "याला जन्मापासून सर्दी असणार. काळीज उजवीकडे असलं तरी मला नवल वाटायचं नाही."

दादा, मी स्टुलावरून पडायचीच बाकी होते.

जन्मापासून सर्दी, आणि काळीज उजवीकडे! शाळेच्या तपासणीत डॉक्टर तुझ्या डाव्या छातीवर ठोके शोधत बसले होते आणि बाबा शेवटी वैतागून म्हणाले होते, "अहो, पलीकडे बघा, आमचा मुलगा उलटा आहे." तुझ्या तिन्ही खिशांत तीन रुमाल. तू खोकलास की सिनेमागृहात पुढच्या दोन रांगा वळून बघायच्या. आपण सगळे हसायचो. मीही हसायचे. आणि मी इतकी वर्षं हेच प्रोटीन उराशी धरून बसले आहे, पण घरच्या सर्दीकडे कोण असं बघतं? सर्दी ती सर्दी.

शिवाय तिसरी गोष्ट मला ठाऊक नव्हती. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत नव्हती.

हो. तुझा रिपोर्ट. मला माहीत आहे. कोणाकडून कळलं ते विचारू नकोस आणि तोंड पाडून बसू नकोस. मी कोणालाही बोललेले नाही. मला फक्त एक सांग. त्या दवाखान्याने "एकही हलत नाही, सर्व मृत" असं लिहिलं, ते "मृत" त्यांनी कशावरून ठरवलं? न हलणारा प्रत्येक जण मेलेला नसतो रे! रविवारी दुपारी तू सोफ्यावर पडलेला असायचास तेव्हा आम्ही कुठे डॉक्टर बोलावला?

उत्तर दे.

तुझी
भिंगरी

१९ फेब्रुवारी

दादा,

दोन ओळी! दोन वर्षांत दोन ओळी! मी ते पाकीट हातात घेऊन जिन्यातच नाचले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, लॉटरी लागली का? म्हटलं, त्याहून मोठं काहीतरी.

तुझे प्रश्न दोन. "माझ्या नाकाचा आणि त्याचा काय संबंध?" आणि "तुला कोणी सांगितलं?" दुसरा प्रश्न मी वाचलाच नाही असं समज. पहिल्याचं उत्तर घे.

आपल्या नाकात आणि छातीतल्या नळ्यांत आतून बारीक लव असते. डोळ्यांना दिसणारे केस नव्हेत, त्याहून कितीतरी बारीक. ही लव दिवसरात्र झाडू मारत असते. धूळ, शेंबूड, जंतू, सगळं घशाकडे ढकलत राहते. आणि त्या लवेच्या आत काय आहे ठाऊक आहे? नऊ जोड्या, मधे दोन, आणि तेच हात! शेपटीत जे यंत्र, तेच नाकात. तुझी लव आहे, पण ती झाडू हातात घेऊन नुसती उभी आहे. म्हणून कचरा तिथेच. म्हणून खोकला. तू तो बाहेर काढतोस, कारण ती काढत नाही.

आता काळीज. आईच्या पोटात आपण तिळाएवढे असतो तेव्हाही अशाच लवेचा एक ठिपका असतो. ती लव एका बाजूला प्रवाह लोटते, आणि त्यावरून शरीराला कळतं, डावी बाजू ही, काळीज इकडे. लव थांबलेली असली की कळतच नाही. मग छापा की काटा. तुझा काटा पडला, इतकंच.

म्हणजे नाक, काळीज आणि ते तिसरं, या तीन कटकटी नाहीतच. एकच आहे. लहानपणापासून तुला एकच गोष्ट झालेली आहे आणि आपण तिला तीन नावं देऊन तीन वेगळ्या डॉक्टरांकडे नेत राहिलो!

खात्री करावी म्हणून काल मी स्वतःच्या नाकात आमचा तो बारका ब्रश घातला. डोळ्यांतून पाणी आलं आणि मी बाईंच्या बाहीवर शिंकले. त्या दुसरीकडे जाऊन उभ्या राहिल्या. पण काचेखाली माझी लव अशी डोलत होती, अशी एका तालात डोलत होती, की मला एकदम रडूच फुटलं. मला ते आयतं मिळालं आणि तुला नाही. दोघं एकाच घरातले. आईकडून जनुकाची एक बिघडलेली प्रत आणि बाबांकडून एक, अशा दोन्ही तुझ्याच वाट्याला आल्या असणार. माझ्याकडे कदाचित एक असेल. यात कोणाची चूक नाही रे. आईची नाही, तुझी नाही, आणि जिच्या माथी सगळ्यांनी हे मारलं तिची तर नाहीच नाही.

(इथे कोणीतरी माझ्यापुढे चहा आणून ठेवला. कोणी ते विचारू नकोस. आणि आता मागे उभं राहून वाचतही आहे.)

दुखण्याचं नाव सापडलं म्हणून बहीण उड्या मारते, हे तुला विचित्र वाटेल. पण नावाचा उपयोग असतो. तुझी छाती रोज साफ व्हायला हवी, त्याचे व्यायाम असतात, ते शिकवणारी माणसं असतात. पुलावरची ती धूळ खात खोकत बसण्यात काही शौर्य नाही. आणि तिसऱ्या गोष्टीसाठी तर मला तो रिपोर्ट बघायचाच आहे. तुझी प्रत तू फाडलीस, असं मला समजलंय. हरकत नाही. दुसरी प्रत बघायला मिळेल असं वाटतंय.

तुझी
भिंगरी

६ मार्च

दादा,

बरं, ओरडून झालं? तुझ्या पत्राचा कागद दोन ठिकाणी पेनाने फाटलाय. "ती तुझ्याकडेच आहे ना? खरं सांग!"

आहे. वहिनी माझ्याकडे आहे. जानेवारीपासून. तूच लपवाछपवी शिकवलीस घराला, आता मला कशाला बोलतोस?

झालं असं. आईने चार नातेवाइकांसमोर सांगितलं की माझ्या मुलाचं घर हिच्यामुळे ओस पडलं, आणि तो बिचारा कंटाळून दूर गेला. वहिनी नेहमीसारखी गप्प बसली. तुला दिलेला शब्द पाळत होती, रिपोर्टबद्दल घरात अवाक्षर काढायचं नाही म्हणून. जेवण वाढलं, भांडी लावली, ड्रायव्हिंग स्कूलची ती पिवळी गाडी काढली आणि थेट माझ्या दारात. "भिंगरी, मला आता बोलायचंय," म्हणाली. आणि बोलली. तुझा रिपोर्ट, तुझं महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपणं, मग पुलाची नोकरी, आणि मग टपालाने आलेले ते घटस्फोटाचे कागद. सोबत तुझी चिठ्ठी, "तू मोकळी आहेस, दुसरं लग्न कर, तुला मुलं होतील." वा रे दानशूर!

तिने सही केलेली नाही. कागद माझ्या फ्रीजवर पडलेत, त्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवलेली असते.

मी तिला म्हटलं, तू आईला तिथल्या तिथे का नाही सुनावलंस? ती म्हणाली, "मी रोज आठ जणांना गाडी शिकवते. चूक ते करतात, ब्रेक मी दाबते. सवय झालीय." आणि हसली. मला मात्र हसू आलं नाही.

आता कामाचं. तिच्याकडची प्रत मी बाईंना दाखवली, तुझं नाव झाकून. बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "रंग कुठाय?" मला हेच हवं होतं! सांगते. एकही शुक्रजंतू हलत नसला की पुढची तपासणी करायचीच असते. थेंबात एक गुलाबी रंग टाकतात. मेलेल्याचं कातडं फाटकं असतं, रंग आत शिरतो, तो गुलाबी होतो. जिवंत असतो तो रंग आत घेत नाही, पांढराच राहतो. तुझ्या रिपोर्टात रंगाचा रकाना कोरा आहे! कोणीतरी काचेत डोकावलं, हलत नाहीत बघितलं, आणि खाली "मृत" लिहून जेवायला गेलं. बाई म्हणाल्या, आमच्या धंद्यात ही चूक अजून होते, कारण हललं म्हणजे जिवंत हे डोळ्यांना इतकं खरं वाटतं की हात रंगाच्या बाटलीकडे जातच नाही.

तुझ्या आयुष्याची दोन वर्षं त्या कोऱ्या रकान्यावर गेली, दादा. तिचीही.

अजून काही सिद्ध झालेलं नाही, हे मला कळतं. रंग टाकल्यावर सगळे गुलाबीही निघतील. तसं निघालं तर मी तुला तेही सांगेन, खोटं बोलणार नाही. पण जिवंत निघाले तर त्यांना पोहायची गरजच नाही! त्यातला एक निवडून, बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडता येतो. त्याने चालायचं नाही, त्याला उचलून न्यायचं.

तू यायला हवंस. नमुना ताजा लागतो, तासाभरात बघावा लागतो, कुरियरने पाठवायची ही वस्तू नव्हे. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर तपासणीची खोली आहे. तिथल्या ताई मितभाषी आहेत, वर बघतसुद्धा नाहीत. तुला कोणी काही विचारणार नाही.

वहिनीला विचारलं, त्याला काही निरोप? म्हणाली, "निरोप नाही. आला तर बघू."

ये ना रे.

भिंगरी

२३ मार्च

दादा,

तू आलास! आणि मग पळालास! तरीही आधी आलास, हेच मी धरून बसणार.

तू सकाळी आधी आईकडे गेलास हे मला तू सांगितलंच नाहीस. आई संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली तेव्हा कळलं. तू तिला सगळं सांगून टाकलंस. तुझ्या तोंडाने, स्वतःचं. माझ्या दादाने ते कसं केलं असेल या विचाराने मला अजून भरून येतं. आईला माफी मागता येत नाही, तुला माहीत आहे. ती दारात पर्स घट्ट धरून उभी होती, वहिनीकडे बघत होती, आणि शेवटी म्हणाली, "मला शिकवशील का गं गाडी?" वहिनी म्हणाली, "उद्या सात वाजता. उशीर चालणार नाही." मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि मी बाहेरच थांबले.

पण तुझं काय रे? दोन वर्षांनी बायको समोर आली आणि तू विचारलंस काय, तर "जेवलीस?" ती म्हणाली "हो." खरं म्हणजे जेवली नव्हती. मग तू तपासणीच्या खोलीत गेलास, बाहेर आलास, माझा दंड धरलास. "जे निघेल ते तिला आधी सांग. मला ऐकवणार नाही." आणि मी वळते तोवर तू फाटकाबाहेर. फोन बंद. बरं, तुझी इच्छा. तिला आधी कळलं. आता तू ऐक, नाही ऐकवलं तरी ऐक.

पहिली काच. हालचाल काहीच नाही. शून्य. वहिनी माझ्या शेजारी उभी होती, गाडीची किल्ली मुठीत.

मग ताईंनी रंग टाकला. एक गुलाबी. पुढचा गुलाबी. मग एक पांढरा. मग पांढरा, पांढरा, पांढरा, गुलाबी, पांढरा! ताई मोजत होत्या आणि मी त्यांच्या कानाशी मोजत होते, शेवटी त्यांनी मला हाताने बाजूला केलं. शंभरात साठाच्या वर पांढरे! दादा, जिवंत आहेत! तुझे जिवंत आहेत रे!

एवढ्यावर थांबते तर ती मी कसली? अजून एक तपासणी आहे. नमुन्याला पातळ पाणी पाजायचं, म्हणजे साधारण तसंच. जो जिवंत असतो त्याच्यात ते पाणी शिरतं, तो फुगतो आणि त्याची शेपटी वळते. मेलेल्याची सरळच राहते. सुईसाठी जिवंत कोणता हे याच खुणेवरून ओळखतात, रंग लावलेला मग कामाचा नसतो. आम्ही वाट बघत बसलो. वहिनीने किल्ली इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उठला. मग ताई उठल्या आणि तिला म्हणाल्या, "तुम्ही बघा."

ती भिंगात बघत राहिली. किती वेळ ते सांगता यायचं नाही. मी विचारलं, काय दिसतंय? ती म्हणाली, "शेपट्या वळल्यात." मग म्हणाली, "अगं, एकसारख्या नाही, कोणाची टोकालाच, कोणाची अख्खी." मग डोकं वर न काढताच म्हणाली, "इंजिन आहे, पेट्रोल आहे, फक्त गिअर पडत नाही." आणि तिचे खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय कळेना. मी तिला मागून मिठी मारली, ताईंनी आम्हा दोघींना काचेपासून लांब व्हायला सांगितलं.

मग मी सुटलेच. कोणता दवाखाना, कोणत्या डॉक्टर, तुझी सुट्टी, आधी रक्ताची तपासणी, कोणत्या महिन्यात सुई. बाईंनी बजावलंय की खात्री कसलीच नसते, पहिल्या खेपेस यश येईलच असं नाही, कदाचित येणारच नाही. मी तेही एका श्वासात सांगून पुढे गेले. गाडीत, घर यायच्या आतच, मी बारशापर्यंत पोचले होते.

वहिनीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. हँडब्रेक ओढला.

"तुम्ही दोघं भावंडं अगदी सारखी आहात," ती म्हणाली. "त्याने परस्पर ठरवलं, मला मोकळी करायचं. तू परस्पर ठरवलंस, मला आई करायचं. मला विचारायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही का गं?"

मी बोटांवर महिने मोजत होते, ती बोटं मिटली.

"मला मूल हवंय का, सुई चालेल का, नाहीतर आम्ही दोघंच पुरे, हे मी त्याच्याशी बोलणार," ती म्हणाली. "तुझ्याशी नाही. आईंशी नाही. त्याच्याशी."

म्हणून पुढचं मी काहीच लिहीत नाही. सांगण्यासारखं माझ्याजवळ ढीगभर आहे, पण ते माझं नाही. मला जे सांगायचा हक्क होता ते सांगून झालं. ते जिवंत आहेत. तुला काही कमी आहे, ते प्रोटीनचे बारीक हात कमी आहेत, आणि तुझं दुखणं जाणारं नाही, हेही खरं. पण तू मेलेला नाहीस, आणि तिने तुला कधी तसं धरलंही नव्हतं.

हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. ते घेऊन ती आली आहे. उद्याच्या सातला आई गाडी शिकणार होती, तो तास तिने परवावर ढकलला आणि पिवळी गाडी तुमच्या साइटकडे वळवली. मुकादमांनी पत्र वर पाठवलं असेल आणि ती आत्ता तुझ्या क्रेनच्या पायाशी उभी असेल. मूल, सुई हे सगळं मागाहून, आधी तिला फ्रीजवरच्या त्या कागदांबद्दल एकच प्रश्न विचारायचाय. कोणता ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही, तिच्या तोंडून ऐक.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतही तिला चक्कर येते, हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. आत्ताच चप्पल घालता घालता ती म्हणाली, तो खाली आला नाही तर मी शिडी चढून वर जाईन.

ती चढेल, दादा. उतर.

भिंगरी